विश्लेषण : धावपट्टी संपली, विमान समुद्रात! लष्करी विमान उतरताना 'ओव्हररन' का होते?

अमेरिकी नौदलाचे 'पी-८ए पोसायडन' हे गस्ती विमान हवाई बेटांवर उतरताना धावपट्टी ओलांडून थेट समुद्रात गेले. विमानातील नऊही जण बचावले. याच जातीची विमाने भारतीय नौदल गोव्यातून उडवते आणि त्यांचा मूळ सांगाडा आहे आपल्या रोजच्या प्रवासातील 'बोइंग ७३७'चा. असे अपघात का घडतात, ते टाळता येतात का आणि धावपट्टीपलीकडे काय आहे याला इतके महत्त्व का, याविषयी...

हवाईमध्ये नेमके काय घडले?

२० नोव्हेंबर २०२३. हवाईमधील ओआहू बेटावर दुपारचे दोन वाजत आले होते. भारतात तेव्हा २१ नोव्हेंबरची पहाट होती. मोकापू द्वीपकल्पावरील कानेओहे बे येथील मरीन कोअरच्या तळावर पाऊस सुरू होता, वारा वाहत होता आणि समोरचे फारसे दिसत नव्हते. अशा हवेत पी-८ए विमान उतरायला आले. त्याची चाके धावपट्टीला टेकली, मात्र उरलेल्या लांबीत ते थांबू शकले नाही. धावपट्टी संपली आणि विमान पलीकडच्या उथळ पाण्यात जाऊन तरंगू लागले.

पंख आणि इंजिने पाण्याला टेकलेली, शेपूट वर आणि बाकी विमान जवळपास शाबूत, असे त्याचे छायाचित्र काही तासांत जगभरातील मोबाइलवर फिरले. विमानात नऊ जण होते. सर्व जण किनाऱ्यावर सुखरूप पोहोचले, कोणालाही गंभीर इजा झाली नाही.

हे विमान अमेरिकी नौदलाच्या 'व्हीपी-४' या गस्ती स्क्वाड्रनचे होते. या स्क्वाड्रनचा मूळ तळ वॉशिंग्टन राज्यातील व्हिडबी आयलंड येथे आहे. कानेओहेत ती तात्पुरत्या तैनातीवर होती. म्हणजे घरची नेहमीची धावपट्टी नाही, पावसाळी हवा आणि तिन्ही बाजूंनी समुद्र. योगायोग असा की, हा तळ मुळात पाण्यावर उतरणाऱ्या गस्ती विमानांसाठी उभारण्यात आला होता. ७ डिसेंबर १९४१ रोजी जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला, त्याच सकाळी कानेओहेतील 'कॅटॅलिना' जातीची सागरी विमानेही उद्ध्वस्त करण्यात आली होती. पी-८ मात्र पाण्यावर उतरण्यासाठी बनलेले नाही.

'ओव्हररन' म्हणजे काय?

विमान उतरताना किंवा उड्डाण रद्द करताना धावपट्टीच्या शेवटच्या टोकापलीकडे गेले, तर त्याला 'ओव्हररन' म्हणतात. विमान बाजूने घसरून धावपट्टीबाहेर गेले तर तो वेगळा प्रकार. धावपट्टी सुरू होण्यापूर्वीच जमिनीला टेकले तर त्याला 'अंडरशूट' म्हणतात.

मुंबईकरांनी २०१९ मध्ये दोन महिन्यांच्या अंतराने असे दोन प्रसंग पाहिले. ७ मे २०१९ च्या रात्री हवाई दलाचे एएन-३२ विमान मुंबई विमानतळावरून बेंगळूरुजवळील येलहंका तळाकडे निघताना मुख्य धावपट्टी ओलांडून पुढे गेले. तो उड्डाणाच्या वेळचा प्रकार होता. त्यानंतर १ जुलैच्या रात्री मुसळधार पावसात उतरणारे एक प्रवासी विमान धावपट्टीच्या टोकापलीकडे जाऊन गवतात रुतले. दोन्ही वेळा जीवितहानी झाली नाही. मात्र जुलैमधील अपघातानंतर रुतलेले विमान बाहेर काढेपर्यंत मुख्य धावपट्टी तीन-चार दिवस बंद होती आणि मुंबईचे विमान वेळापत्रक पार कोलमडले. ते विमान होते बोइंग ७३७-८००.

पी-८ आणि प्रवासी विमानाचा काय संबंध?

पी-८ हे बाहेरून वेगळे वाटले तरी त्याचा सांगाडा बोइंग ७३७-८०० चा आणि पंख ७३७-९०० वर आधारित आहेत. पाणबुड्यांचा माग काढणे, समुद्रावर नजर ठेवणे आणि गरज पडल्यास टॉर्पेडो किंवा जहाजविरोधी क्षेपणास्त्र डागणे हे त्याचे काम. प्रवाशांच्या आसनांच्या जागी संगणकांच्या पडद्यांसमोर बसलेले नौसैनिक असतात आणि पोटात पाणबुडीचा आवाज टिपणारी, समुद्रात टाकायची उपकरणे असतात.

भारतीय नौदलाकडे याच विमानाची 'पी-८आय' ही आवृत्ती आहे. पहिले विमान २०१३ मध्ये तमिळनाडूतील अरक्कोणमच्या 'आयएनएस राजाली' तळावर दाखल झाले. पहिल्या आठ विमानांनंतर आणखी चार घेण्यात आली आणि एकूण संख्या १२ झाली. मार्च २०२२ मध्ये गोव्यातील दाबोळीच्या 'आयएनएस हंसा' तळावर पी-८आयची दुसरी स्क्वाड्रन, 'आयएनएएस ३१६', औपचारिकरीत्या नौदलात दाखल झाली. त्यामुळे दाबोळीच्या ज्या धावपट्टीवर पर्यटकांची विमाने उतरतात, तिच्यावरच हीही उतरतात.

विमान लष्करी असो वा प्रवासी, ब्रेक, टायर, पंख आणि भौतिकशास्त्राचे नियम सारखेच. म्हणून कानेओहेची घटना समजून घेताना ७३७ चे इतर अपघातही उपयोगी पडतात.

विमान थांबवणे इतके अवघड का?

बारावीच्या भौतिकशास्त्रातले सूत्र आठवा. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. समजा ६० टन वजनाचे विमान १४० नॉट, म्हणजे ताशी सुमारे २६० किमी वेगाने टेकले. त्याच्यातील ऊर्जा साधारण १५५ मेगाज्यूल भरते. ताशी ६० किमी वेगाने धावणाऱ्या, एक टन वजनाच्या सुमारे ११०० मोटारी एकाच वेळी थांबवण्याइतकी ही ऊर्जा आहे. ती काही सेकंदांत जिरवायची असते.

त्यासाठी विमानाकडे तीन साधने असतात. पहिले, पंखावर उभे राहणारे 'स्पॉयलर'. टेकल्यानंतरही पंख विमानाला वर उचलत असतात. स्पॉयलर ही उचल मोडतात आणि विमानाचे वजन चाकांवर येते. वजन आल्याशिवाय ब्रेक लागून उपयोग नाही. चाके नुसती घसरतील. दुसरे, चाकांचे ब्रेक. मोटारीतील एबीएसप्रमाणे यातही चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा असते. तिसरे, 'थ्रस्ट रिव्हर्सर', म्हणजे इंजिनातील हवेचा झोत पुढच्या दिशेने वळवणारी यंत्रणा. विमान टेकल्यावर एकदम मोठा आवाज येतो तो हाच.

लढाऊ विमानांना याशिवाय मागे ब्रेक पॅराशूट असू शकते. लढाऊ विमानांच्या काही तळांवर धावपट्टीच्या टोकाला जाळी किंवा तार असते. पी-८ सारख्या मोठ्या विमानाला ही सोय नाही. त्याला स्वतःच्या ब्रेकवर आणि उरलेल्या धावपट्टीवरच विसंबावे लागते.

पावसात नेमके काय बिघडते?

ओल्या रस्त्यावर दुचाकीचा ब्रेक लागत नाही, हा अनुभव प्रत्येकाला असतो. धावपट्टीवर त्याचाच मोठा भाऊ भेटतो. त्याचे नाव 'हायड्रोप्लेनिंग'. धावपट्टीवर पाणी साचलेले असेल आणि वेग पुरेसा असेल, तर टायर पाणी बाजूला सारू शकत नाही. तो पाण्याच्या पातळ थरावर चढतो आणि डांबराशी त्याचा संपर्कच तुटतो.

हा वेग किती, याचे एक सोपे सूत्र 'नासा'च्या संशोधनातून पुढे आले. टायरमधील हवेच्या दाबाचे वर्गमूळ काढायचे आणि त्याला नऊने गुणायचे. दाब पीएसआयमध्ये घेतला की उत्तर नॉटमध्ये मिळते. ७३७ च्या टायरमध्ये साधारण २०० पीएसआय दाब असतो. म्हणजे उत्तर येते सुमारे १२७ नॉट. विमान १४० नॉटने टेकले, तर सुरुवातीच्या काही सेकंदांत ते या धोक्याच्या पट्ट्यात असते. हेच सूत्र ३२ पीएसआय दाबाच्या मोटारीला लावले तर उत्तर येते ताशी सुमारे ९४ किमी. पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर मुसळधार पावसात शंभरच्या वेगाने जाताना स्टिअरिंग अचानक हलके का लागते, याचे कारण हेच.

म्हणून धावपट्टीला मधोमध हलका फुगवटा देतात, तिच्यावर आडव्या बारीक खाचा पाडतात आणि विमानांच्या टायरचे घासून चिकटलेले रबर वेळोवेळी खरवडून काढतात. पाणी लवकर वाहून जावे, हा एकच हेतू.

वैमानिकाची चूक कुठे सुरू होते?

ओव्हररन हा शब्द ऐकला की ब्रेक निकामी झाले असतील, असे पहिल्यांदा मनात येते. कधी तसे घडतेही. मात्र अनेक अपघातांत गोष्ट जमिनीवर नव्हे, हवेतच बिघडलेली असते.

धावपट्टीच्या सुरुवातीच्या टोकावरून विमानाने सुमारे ५० फूट उंचीवरून, ठरलेल्या वेगाने जाणे अपेक्षित असते. तीन अंशांच्या नेहमीच्या उताराने येणाऱ्या विमानाचा रोख तेव्हा टोकापासून साधारण ३०० मीटरवर असतो. आता ढोबळ गणित करून पाहू. हे आकडे प्रत्यक्ष अपघाताचे नाहीत, केवळ समजण्यासाठी आहेत. धावपट्टी कानेओहेइतकीच, म्हणजे ७,७७१ फूट किंवा सुमारे २,३७० मीटर घेऊ. ओल्या पृष्ठभागावर विमानाचा वेग दर सेकंदाला दोन मीटर प्रति सेकंदाने कमी होतो, असे समजू.

सर्व काही ठीक असेल तर विमान ३०० मीटरवर टेकते, थांबायला सुमारे १,३०० मीटर घेते आणि पुढे जवळपास ७७० मीटर शिल्लक राहतात.

आता तीन लहान चुका करू. पहिली, विमान टोकावरून ५० ऐवजी १०० फुटांवरून गेले. रोख आणखी २९० मीटर पुढे सरकला. दुसरी, मागून १० नॉटचा वारा होता. जमिनीच्या संदर्भातील वेग १४० ऐवजी १५० नॉट झाला, थांबण्याचे अंतर १,३०० वरून १,४८० मीटर झाले. तिसरी, विमान जमिनीलगत सहा सेकंद तरंगत राहिले. या वेगाने प्रत्येक सेकंदाला ७७ मीटर जातात, म्हणजे आणखी सुमारे ४६० मीटर गेले. चाके टेकली तेव्हा १,०५० मीटर संपलेले. उरले १,३२०. लागणार आहेत १,४८०.

यातील एकही चूक एकटी भयंकर नाही. तिन्ही एकत्र आल्या की १६० मीटर कमी पडतात आणि धावपट्टीच्या टोकावरून विमान ताशी सुमारे ९० किमी वेगाने बाहेर पडते. तेव्हा वैमानिकाने ब्रेक कितीही जोरात दाबले तरी निकाल लागलेला असतो.

चौकशीत काय निष्पन्न झाले?

अमेरिकी नौदलाच्या चौकशीत बोट ठेवण्यात आले ते मुख्यतः अस्थिर 'ॲप्रोच'वर, म्हणजे उतरण्याच्या अंतिम टप्प्यातील अस्थिरतेवर.

'स्थिर ॲप्रोच' ही विमान वाहतुकीतील मूलभूत संकल्पना आहे. जमिनीपासून ठरावीक उंचीवर, ढगाळ हवेत साधारण १००० फूट आणि स्वच्छ हवेत ५०० फूट, विमान योग्य रेषेत, योग्य वेगात, चाके आणि फ्लॅप बाहेर काढलेल्या स्थितीत असले पाहिजे. खाली येण्याचा वेग मिनिटाला १००० फुटांपेक्षा जास्त नसावा. यातले एक जरी नसेल तर उतरायचे नाही. इंजिनांना पूर्ण ताकद द्यायची, नाक वर उचलायचे आणि पुन्हा चक्कर मारून यायचे. प्रवासी विमानांत याला 'गो अराऊंड' म्हणतात, अमेरिकी नौदलात 'वेव्ह ऑफ'.

नियम इतका स्पष्ट आहे, तरी तो पाळला जातो का? विमान सुरक्षेवर काम करणाऱ्या 'फ्लाइट सेफ्टी फाऊंडेशन'च्या अभ्यासातील आकडा धक्कादायक आहे. अस्थिर ॲप्रोचपैकी केवळ तीन टक्के प्रसंगांत वैमानिक गो अराऊंड करतात. उरलेल्या ९७ टक्के वेळा ते उतरतातच. बहुतेक वेळा काही होत नाही. आणि खरी गोम तिथेच आहे. 'मागच्या वेळी जमले होते' हा अनुभव पुढच्या वेळी निर्णय घेणाऱ्याच्या कानात बोलत असतो.

भारतात असे अपघात झाले आहेत का?

दोन मोठे अपघात अजून विस्मरणात गेलेले नाहीत. दोन्ही नागरी विमाने होती, दोन्ही बोइंग ७३७-८००, दोन्ही धावपट्ट्या पठारावरच्या.

२२ मे २०१० रोजी दुबईहून आलेले विमान मंगळूरुत उतरताना धावपट्टीवर सुमारे ५,२०० फुटांवर टेकले. धावपट्टी होती ८,०३३ फुटांची. विमान टोकापलीकडे दरीत कोसळून पेटले. १६६ पैकी १५८ जणांचा मृत्यू झाला. चौकशी अहवालानुसार मुख्य वैमानिक प्रवासात बराच वेळ झोपला होता, ॲप्रोच अस्थिर होता आणि सहवैमानिकाने तीन वेळा गो अराऊंड करण्यास सांगितले होते.

७ ऑगस्ट २०२० रोजी करोनाकाळात 'वंदे भारत' मोहिमेत दुबईहून कोळिकोडला आलेले विमान पावसात उतरले. एका बाजूने उतरण्याचा पहिला प्रयत्न सोडून दिल्यानंतर ते दुसऱ्या बाजूने आले. त्या बाजूने मागून सुमारे १४ नॉटचा वारा होता. ८,८५८ फुटांच्या धावपट्टीवर ते ४,४३८ फुटांवर टेकले. जमिनीच्या संदर्भातील वेग १६५ नॉट, म्हणजे ताशी ३०० किमीहून अधिक. विमान उतारावरून खाली जाऊन तुकडे झाले. २१ जणांनी जीव गमावला, त्यांत दोन्ही वैमानिक होते. विमान अपघात अन्वेषण विभागाच्या अहवालात अस्थिर ॲप्रोच पुढे रेटणे आणि सहवैमानिकाच्या गो अराऊंडच्या सूचनेनंतरही उतरणे ही संभाव्य कारणे नोंदवण्यात आली. मुख्य वैमानिकासमोरचे वायपर नीट चालत नव्हते, हेही अहवालात आहे.

या विमानाचे मुख्य वैमानिक कॅप्टन दीपक साठे होते. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून घडलेले, हवाई दलात विंग कमांडर पदापर्यंत पोहोचलेले मराठी अधिकारी. महाराष्ट्रात अनेकांना त्यांच्या जाण्याचे दुःख आजही आहे. त्यांचे नाव येथे घेण्याचे कारण दोष देणे नाही. निष्काळजी किंवा नवशिक्या वैमानिकाच्याच हातून असे होते, हा आपला समज किती चुकीचा आहे हे त्यातून दिसते. अनुभव आणि कौशल्य असलेल्या माणसालाही खाली येण्याचा एक ओढा असतो.

हा ओढा म्हणजे नेमके काय?

विमान मानसशास्त्रात याला ठरलेली योजना सोडवत नाही अशी प्रवृत्ती म्हणतात. घाटात धुके दाटले आहे, थांबायला हवे, पण आणखी दहा किलोमीटरवर घर आहे म्हणून आपण गाडी दामटतो, तसेच. मुक्काम जितका जवळ, तितके मागे फिरणे जड. शिवाय ताण वाढला की माणसाचे लक्ष एकाच गोष्टीवर खिळते. समोर धावपट्टी दिसते, बाजूचा वेगाचा आकडा दिसत नाही. सहकारी बोललेलेही कानावर पडत नाही.

लष्करात यात आणखी एक पदर असतो, तो हुद्द्याचा. कनिष्ठाने वरिष्ठाला 'सर, थांबा' म्हणणे सोपे नसते. म्हणूनच प्रशिक्षणात आता यावर भर दिला जातो की, कॉकपिटमधील कोणीही 'गो अराऊंड' म्हटले, तर चर्चा न करता विमान वर न्यायचे. कारण नंतर विचारायचे.

यात विमानवाहू जहाजावरील वैमानिकांकडून शिकण्यासारखे आहे. 'आयएनएस विक्रमादित्य' किंवा 'आयएनएस विक्रांत'वर उतरणारा मिग-२९के चा वैमानिक चाके टेकताच इंजिन बंद करत नाही, उलट पूर्ण ताकद देतो. शेपटीखालचा आकडा डेकवरच्या तारेत अडकला तर विमान थांबते. नाही अडकला तर ते सरळ पुन्हा उडते. तिथे प्रत्येक उतरण ही आधी उड्डाणाची तयारी असते. पुन्हा वर जाण्यात कमीपणा नसतो, कारण तेच गृहीत धरलेले असते.

धावपट्टीपलीकडे काय असते, याने काय फरक पडतो?

कानेओहे, मंगळूरु आणि कोळिकोड यांची तुलना केली तर उत्तर मिळते. कानेओहेत धावपट्टीपुढे उथळ पाणी होते आणि विमान जवळपास सपाटीवरून त्यात गेले. दोन्ही भारतीय विमानतळांवर पुढे खोल उतार होता. चूक एकाच जातीची, परिणाम नऊ जणांची सुटका आणि दुसरीकडे शेकडो घरांवर दुःख.

म्हणून आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या नियमांनुसार मोठ्या धावपट्टीपुढे ६० मीटरची पट्टी आणि त्यापुढे किमान ९० मीटरचे सुरक्षा क्षेत्र असावे लागते. शिफारस मात्र २४० मीटरची आहे. जागा नसेल तर दुसरा उपाय आहे. धावपट्टीपुढे चुरा होणाऱ्या हलक्या काँक्रीटचे ठोकळे बसवतात. विमान त्यावर गेले की चाके आत रुततात आणि ते थांबते. वाळूत सायकल रुतावी तसे. १९९६ मध्ये न्यूयॉर्कच्या जेएफके विमानतळावर हा उपाय प्रथम बसवण्यात आला. ऑक्टोबर २०१६ मध्ये निवडणूक प्रचारासाठी निघालेल्या माइक पेन्स यांचे बोइंग ७३७ न्यूयॉर्कच्याच लागार्डिया विमानतळावर पावसात धावपट्टी ओलांडून गेले, तेव्हा याच ठोकळ्यांनी ते थांबवले.

दाबोळीची धावपट्टी सुमारे ३,४०० मीटर लांब आहे, कानेओहेपेक्षा हजार मीटरने मोठी. लांबी ही मोठी सोय आहे. मात्र दाबोळीही पठारावर आहे आणि कोकण किनाऱ्यावरचा पाऊस कोणाला सांगायला नको. वरच्या गणितात पाहिले तसे, तीन लहान चुका मिळून साडेसातशे मीटर खाऊन टाकतात आणि थांबायचे अंतरही वाढवतात.

पाण्यातले विमान बाहेर कसे काढले?

कानेओहे उपसागरात प्रवाळ आहे आणि विमान काही ठिकाणी त्यालाच टेकलेले होते. ओढून काढले तर प्रवाळ मोडणार, ठेवले तर इंधन गळण्याची भीती. विमानात सुमारे २,००० गॅलन, म्हणजे साधारण ७,५०० लिटर इंधन होते. अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्या पथकाने आधी ते काढून घेतले. मग विमानाखाली हवा भरलेले मोठे रोलर सरकवून त्याला तरंगवत धावपट्टीकडे आणण्यात आले आणि डिसेंबरच्या सुरुवातीला ते पुन्हा जमिनीवर आले. या कामाला सुमारे १५ लाख डॉलर खर्च आला. प्रवाळाचे नुकसान पाहण्यासाठी हवाई राज्याच्या यंत्रणेने पाहणी केली. काही सेकंदांच्या निर्णयाचे बिल असे आठवडाभर वाढत जाते.

प्रवाशांनी यातून काय घ्यावे?

पावसाळ्यात मुंबई, गोवा किंवा कोळिकोडला उतरताना धावपट्टी खिडकीतून दिसू लागते आणि अचानक इंजिने गर्जतात, विमान पुन्हा वर चढते. अनेकांच्या पोटात गोळा येतो. कोणी लगेच व्हिडिओ काढून 'थोडक्यात बचावलो' असे लिहून टाकतो. पुढच्या दिवशी त्याची बातमीही होते.

खरे तर तेव्हा धोका टळलेला असतो, कारण वैमानिकाने उतरायचे नाही असे ठरवलेले असते. पंधरा-वीस मिनिटे उशीर होईल, थोडे इंधन जास्त जळेल, पुढची बस चुकेल. कानेओहेच्या नऊ जणांना समुद्राने वाचवले. प्रत्येक धावपट्टीपुढे उथळ समुद्र नसतो. म्हणून पुढच्या वेळी विमान पुन्हा वर गेले तर घाबरू नका, आणि उतरल्यावर वैमानिक दारात उभा दिसला तर त्याला धन्यवाद म्हणा.